गोड्या पाण्यातलं स्कूबा: कोल्हापूरच्या नद्या, धरणं आणि खणी

तुमचा प्रश्न असा: मालवणला ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला, कोर्स झाला, पावसाळ्यात समुद्र बंद, घर कोल्हापुरात आणि आजूबाजूला पाणीच पाणी. मग पंचगंगा, रंकाळा, राधानगरी-काळम्मावाडीची धरणं, नाहीतर टोपकडची एखादी दगडाची खण, यांपैकी कुठं सराव करता येईल? परदेशात लोक नद्या-तळ्यांत डायव्हिंग करतात, तशी जागा आपल्याकडं का नाही, हेही तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं मागाहून. नदीत उतरू नका. रंकाळ्यात उतरू नका. धरणाच्या जलाशयात लेखी परवानगी हातात असल्याशिवाय नको, आणि असली तरी भिंत, दरवाजे, विमोचक (पाणी सोडायची तोंडं) यांच्या आसपास कधीच नको. खणीत उतरता येईल, पण ती नीट तपासून, मालकाच्या संमतीनं आणि दिवाळी झाल्यावर. ऐन पावसाळ्यात तुमच्यासाठी पोहण्याचा तलाव आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच उपयोगी आहे.

मी डायव्हिंग शिकवतो आणि बोलावणं आलं की शोधकार्यातही उतरतो. त्यामुळं आपल्याकडचं पाणी दोन्ही अंगांनी पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच की नुसतं पाणी आहे म्हणून ती जागा डायव्हिंगची होत नाही. आत जायची आणि बाहेर यायची वाट पक्की असावी लागते, तळाशी काय आहे ते माहीत असावं लागतं, पाणी आपोआप वरखाली होणार नाही याची खात्री लागते आणि काठावर कुणीतरी जबाबदार माणूस लागतो. या चार गोष्टी जिथं जमवल्या, तिथं परदेशातही साधीसुधी डबकी नावारूपाला आली.

परदेशातल्या जागांबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. आइसलँडच्या थिंगवेलिरमधल्या सिल्फ्रा भेगेचं नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट जिथं एकमेकांपासून दूर सरकतायत तिथली ही भेग. पाणी २ ते ४ अंश सेल्सियस, आणि शंभर मीटरपर्यंत लख्ख दिसतं. लांगयोकुल हिमनदीचं पाणी सच्छिद्र लाव्हातून कित्येक दशकं झिरपत तिथं पोचतं, म्हणून ते इतकं नितळ. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच आहे, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि आपल्या नद्यांचं पाणी खडकातून गाळून येत नाही, तांबडी माती धुऊन घेऊन येतं. पंचगंगेत सिल्फ्रा शोधायला जाऊ नये, त्याचं मूळ कारण हे.

फ्लोरिडातले जिनी स्प्रिंग्ज, मेक्सिकोतल्या युकातानमधले सेनोटे, ही चुनखडीतली पाणी. तिथंही काच वाटावी इतकं स्वच्छ दिसतं आणि त्याच मोहानं १९६० आणि ७०च्या दशकांत फ्लोरिडाच्या गुहांत कितीतरी डायव्हर दगावले. शेक एक्सली या गुहा-डायव्हरनं त्या अपघातांचा अभ्यास करून काही नियम मांडले. त्यातला एक आजही जगभर पाळतात: हवेचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. एक्सली स्वतः १९९४ साली मेक्सिकोतल्या झाकातोन या गोड्या पाण्याच्या खोल विवरात मरण पावला. गोडं पाणी म्हणजे सोपं पाणी असा समज ज्यांचा आहे, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

बुडालेल्या गावांचीही ओढ असते. चीनमध्ये १९५९ साली धरण झालं आणि शिचेंग हे जुनं शहर छिएनताओ तलावाखाली गेलं. आज तिथं कोरीव कमानी बघायला डायव्हर उतरतात. आपल्याकडं उजनीच्या पाण्यात पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर आहे, पाणी फार आटलं की वर येतं. पण शिचेंगमध्ये उतरायला ठरलेली व्यवस्था आहे, आणि आपल्या धरणांत ती नाही. ऑस्ट्रियातलं ग्रीन लेक, म्हणजे ग्र्यूनर झे, दरवर्षी बर्फ वितळलं की भरायचं आणि कुरणातला बाक, छोटा पूल पाण्याखाली जायचा. फोटोंमुळं इतकी गर्दी झाली की २०१६ पासून तिथं डायव्हिंगला बंदीच घातली.

या सगळ्यांत आपल्या उपयोगाची जागा मात्र वेगळीच आहे, आणि ती दिसायला मुळीच सुंदर नाही. इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची खाण होती. १९५८ मध्ये काम थांबलं, पंप बंद झाले, झऱ्यांचं पाणी भरलं. खाणकामाच्या टप्प्यांमुळं तिला आपोआप पायऱ्या मिळाल्या: साधारण ६-७ मीटरवर एक, २० मीटरच्या आसपास दुसरी आणि ३५ मीटरपर्यंत तळ. नवशिक्यानं पहिल्या पायरीवर राहायचं, अनुभवी माणसानं खाली जायचं. मग त्यांनी मुद्दाम वस्तू बुडवल्या; स्टेनगार्थ नावाची जुनी टगबोट २००० साली तिथं बुडवली. पाणी थंड, दिसणं बेताचं, तरी ब्रिटनमधले कितीतरी डायव्हर तिथंच घडले. आपल्या जिल्ह्यात असं काही होऊ शकलं तर ते खणीतच होईल. नदीत किंवा धरणात होणार नाही.

नदी का नको, हे जरा सविस्तर सांगतो, कारण पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या माणसाला हे पटायला जड जातं. घाटावर पोहणं वेगळं आणि पाठीवर सिलिंडर घेऊन तळाशी जाणं वेगळं.

पहिला धोका बंधाऱ्यांचा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा सगळ्या राज्यात आपल्या नावानं ओळखला जातो. दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना उभ्या खाचा, खाचांत एकावर एक बसवलेले बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पाऊस संपला की बरगे घालून पाणी अडवायचं, पुढचा पाऊस यायच्या आधी काढायचे. अडवलेल्या बाजूनं पाणी अगदी शांत दिसतं. पण एखादा बरगा नीट बसलेला नसेल, किंवा पाणी सोडायला मधला एखादा काढला असेल, तर त्या फटीकडं पाणी जोरात ओढलं जातं. आणि हे वरून कळत नाही. पाण्याखालीही दोन-तीन हातांवर जाईपर्यंत ओढ जाणवत नाही. जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. साधा हिशेब करा: फूटभर लांब-रुंद फट आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यात ३ मीटरचा फरक. माणूस त्या फटीवर अडकला तर त्याच्यावर पावणेतीनशे किलोच्या आसपास जोर येतो. चार मित्रांनी दोरीनं ओढून तो सुटत नाही. बरगे काढून किंवा पलीकडची पातळी वाढवूनच सुटका होते, आणि तेवढा वेळ सिलिंडरमध्ये नसतो. डायव्हिंगच्या धंद्यात याला डेल्टा-पी म्हणतात, आणि पाण्याखाली काम करणारे अनुभवी लोकसुद्धा याच्यात जीव गमावतात.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उलट प्रकार. वरून पडणारं पाणी तळाशी जाऊन गोल फिरतं आणि पृष्ठभागावरचं पाणी परत भिंतीकडं येत राहतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो, भिंतीकडं ओढला जातो, पुन्हा खाली जातो. फुगवलेलं बीसीडी (डायव्हरचं हवा भरायचं जॅकेट) तिथं कामाला येत नाही, कारण फेसाळलेल्या पाण्यात हवाच इतकी मिसळलेली असते की ते माणसाला पेलत नाही.

दुसरा धोका मोटारींचा. प्रयाग चिखलीपासून खाली शिरोळपर्यंत दोन्ही काठांना शेतकऱ्यांच्या मोटारी, जॅकवेल, पाण्यात सोडलेले पाइप आणि फुटव्हॉल्व्ह. वायर जुनी झालेली असते, जोड चिंध्यांनी किंवा टेपनं गुंडाळलेले असतात. पाण्यात अंगाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर त्या दिशेनं एक हातही पुढं जायचं नाही. आलात त्याच वाटेनं मागं फिरायचं आणि काठावरच्या माणसाला ओरडून डीपी (विजेची पेटी) बंद करायला सांगायचं. हे कुठल्याही स्कूबा कोर्सच्या पुस्तकात नसतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तिसरी गोष्ट पाण्याची प्रत. शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी आणि शिरोळ तालुक्यात दरवर्षी मरून वर येणारे मासे, हे तुम्ही पेपरात वाचता. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यानं काविळीची मोठी साथ आली होती. डायव्हरच्या तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारा तोंडातला भाग) असतो, पण ओठांच्या कडेनं थोडं पाणी जातंच, कानात तर जातंच. काविळीपासून लेप्टोपर्यंत (लेप्टोस्पायरोसिस) सगळं त्यातून होऊ शकतं. शोधकार्यात उतरावं लागतं तेव्हा पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आणि बंद सूट लागतो, आणि बाहेर आल्यावर सगळ्या सामानासकट धुऊन निघावं लागतं. हौसेसाठी असं पाणी निवडायचं कारण नाही. आणि कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात मगरी आहेत, त्यांच्या घरात जायचं नाही, एवढंच.

पावसाळ्यात तर नदीचा विषयच नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण त्याच्या कितीतरी खाली पाणी असतानाही प्रवाह गाळ, झाडं, कुंपणाच्या तारा घेऊन येतो.

आता धरणं. राधानगरीचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं, आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे ही आपल्या जिल्ह्याची अभिमानाची गोष्ट आहे. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपणहून उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी सुटतं. खाली भोगावतीत कुणी आहे का नाही हे दरवाज्याला कळत नाही. उन्हाळ्यातही वीजगृहातून आणि आवर्तनासाठी पाणी सुटतच असतं. जलाशयाच्या बाजूला राधानगरी अभयारण्य आहे, २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा तो भाग आहे, त्यामुळं जलसंपदा आणि वनविभाग दोघांचीही परवानगी लागते. ती न घेता लांबच्या कोपऱ्यातून गुपचूप उतरणारे असतात. तसं करू नका. काही झालं तर तुम्हाला शोधायला येणाऱ्यांना तुम्ही कुठं उतरलात हेच माहीत नसतं.

परवानगी मिळालीच, तरी काळम्मावाडी काय किंवा तुळशी काय, उतरण्याच्या जागेची अडचण राहतेच. एप्रिल-मेमध्ये पाणी मागं गेलं की काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून वाळून भेगाळलेला, आतून लोण्यासारखा मऊ. वीस-पंचवीस किलोचं सामान पाठीवर असलेला माणूस त्यात मांडीपर्यंत रुततो. आत गेल्यावर बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि त्यांना अडकलेली तंगूसची, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याची, जाळी. तंगूस पाण्यात दिसत नाही. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला मागून अडकलं की वळून पाहावं तसं जास्त गुंडाळलं जातं. म्हणून गोड्या पाण्यात कुठंही उतरताना दोन कटर हवेत, आणि दोन्ही हातांना पोचतील अशा ठिकाणी. पायाला बांधलेली मोठी सुरी फोटोत चांगली दिसते, पण अडकल्यावर हात तिथवर जाईलच असं नाही.

रंकाळ्याबद्दल फार लिहीत नाही. गावाचा जीव आहे तो, पण तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ, वर कधी जलपर्णी तर कधी हिरवा थर. हिरव्या थरातली काही शेवाळं विषारी असतात. शेजारची इराणी खण विसर्जनासाठी आहे. मूर्ती, लोखंडी सांगाडे, दोऱ्या, कापड, सगळं तिथं असतं. तिथं उतरायचं काम प्रशिक्षित पथकाचं. कळंबा हा पिण्याच्या पाण्याचा तलाव, त्यामुळं तोही वगळा.

राहिली दगडाची खण. टोप-शिये भागात आणि जिल्ह्यात इतरत्रही काळ्या दगडाच्या अशा खणी आहेत, काम थांबल्यावर पावसाच्या आणि पाझराच्या पाण्यानं भरलेल्या. खणीत सांडपाण्याचा नाला येत नसेल तर पाणी स्थिर राहतं आणि गाळ खाली बसतो. वाहतं पाणी नाही, बंधारा नाही, मोटारी कमी. पण याच खणींत दर उन्हाळ्यात पोरं बुडतात, कारण भिंती सरळ उभ्या असतात आणि बाहेर यायला पकड नसते. त्यामुळं तपासणी या क्रमानं करा.

प्रथम मालक कोण ते पाहा: सातबारा, खनिकर्म विभाग, ग्रामपंचायत. संमती लेखी घ्या. मग गावातल्या जुन्या माणसांशी बोला. खण चालू असताना तिथं काम केलेला एखादा माणूस भेटला तर सोन्याहून पिवळं. रस्ता कुठून उतरायचा, पंप कुठं होता, कुठली कड कच्ची आहे, सुरुंग न उडता राहिला होता का, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. जुना ट्रक-रस्ता पाण्यात उतरत असेल तर ती तुमची आत-बाहेर करायची वाट. असा उतार नसेल तर ती खण सोडून द्या. शिडी लावून भागवू असं म्हणणाऱ्यांना मी विरोधच करतो, कारण दमलेला माणूस शिडी चढू शकतो, बेशुद्ध माणसाला शिडीवरून चढवता येत नाही.

भिंतींकडं बघा. सुरुंगांनी हललेला बेसॉल्ट वर्षानुवर्षं सुटत राहतो, पहिल्या पावसात जास्त. भिंतीच्या पायथ्याशी ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले दिसले तर त्या बाजूला जायचं नाही, पाण्याखालीही नाही.

खोली मोजायला दोरीला मीटरमीटरवर गाठी मारून दगड सोडा, ट्यूबवर बसून सगळीकडं. पाणी किती दिसतंय ते मोजायला पांढरं ताट पुरतं. साधारण वीस सेंटिमीटरचं, मधोमध भोक पाडून दोरीला आडवं बांधलेलं, खाली वजन. दुपारी, सावलीच्या बाजूनं हळूहळू सोडायचं. दिसेनासं झालं की गाठ धरायची, परत वर घेताना पुन्हा दिसू लागलं की दुसरी गाठ. दोन्हींची सरासरी काढायची. ती दोन मीटरच्या आत असेल तर शिकाऊ माणसांना घेऊन उतरायचं नाही. हेच मोजमाप महिन्या-महिन्याला लिहून ठेवलंत तर त्या खणीचा हंगाम तुम्हालाच कळेल. पावसाचा गाळ बसायला दिवाळी उजाडते. थंडीत सगळ्यात चांगलं दिसतं. उन्हाळा वाढला की शेवाळ वाढतं आणि पाणी परत हिरवं होतं. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन कॉलिफॉर्म (सांडपाण्याची खूण असलेले जिवाणू) तपासून घ्या, त्याला खर्च फार येत नाही.

पहिली बुडी गटानं मारायची नाही. एकानं दोरीला बांधून उतरायचं, दुसऱ्यानं काठावर दोरी हातात घेऊन बसायचं, तिसऱ्यानं सामान चढवून तयार राहायचं. दोरीच्या ओढींचे संकेत आधी ठरवायचे. आत काय आहे त्याचा नकाशा काढायचा: वायररोप, गंजलेले पत्रे, बुडालेली बाभळीची झुडपं, फेकलेल्या गाड्या. मग उतारापासून एक कायमची मार्गदर्शक दोरी टाकायची, तळापासून हातभर वर, ठिकठिकाणी बांधून.

ही दोरी का, ते आत गेल्यावर कळतं. वरून चार-पाच मीटर हिरवट उजेड असतो. त्याखाली रंग चहासारखा होतो आणि अचानक चेहऱ्याला गार पाणी लागतं. ती थर्मोक्लाइन, वरचं गरम पाणी आणि खालचं थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही, दोघांच्या सीमेवर टॉर्चचा झोत थरथरतो. खाली उजेड जवळपास नसतोच. तळावर गाळाचा थर इतका हलका की फिन (पायातलं वल्हं) जरा खाली गेली तरी तो उठतो. तुम्हाला मागचं दिसत नाही, पण मागून येणाऱ्या जोडीदाराचा टॉर्च एकाएकी तांबूस होतो आणि मग विझल्यासारखा वाटतो. टॉर्च चालूच असतो, फक्त गाळाच्या पलीकडं. अशा वेळी वर-खाली कुठं हेही समजत नाही. सोडलेले बुडबुडे कुठल्या गालावरून जातात ते पाहून कळतं. हात दोरीवर असेल तर काही बिघडत नाही, सावकाश दोरीनं उताराकडं यायचं. नसेल तर माणूस घाबरतो, जोरजोरात पाय मारतो आणि गाळ आणखी उठतो. म्हणून खणीत यायच्या आधी फ्रॉग किक शिका. गुडघे वाकवून, फिन्स तळापासून वर ठेवून, बेडकासारखं मागं ढकलायचं. समुद्रात सवय झालेली वरखाली मारायची किक इथं चालत नाही.

आणि बघायला काय मिळतं, असं लोक विचारतात. मालवणसारखी प्रवाळं इथं नाहीत. पण उथळ पायरीवर स्थिर राहिलात तर चिलापीचे नर ताटाएवढे खड्डे करून राखण करताना दिसतात. मादी अंडी तोंडात घेऊन जाते आणि पिल्लंही तोंडातच सांभाळते. मरळीच्या नारिंगी पिल्लांचा थवा श्वास घ्यायला वर जातो, परत खाली येतो, आणि खाली आईबाप पहारा देत असतात. थव्याच्या फार जवळ गेलात तर मरळ सरळ अंगावर येते. सह्याद्रीतल्या कृष्णेच्या उपनद्यांमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेल्सन ॲनंडेल यांनी गोड्या पाण्यातल्या एका जेलीफिशची नोंद केली होती, लिम्नोक्निडा इंडिका. गोड्या पाण्यात जेलीफिश असते हेच पुष्कळांना माहीत नसतं. नोंदवही ठेवून डोळसपणे उतरणारे चार लोक या भागात तयार झाले, तर आपल्या पाण्याबद्दल पुस्तकांत नसलेलं बरंच काही कळेल.

सामानाबद्दल एक गोष्ट अगदी कळवळून सांगतो. सिलिंडर शिरोलीच्या एमआयडीसीतून किंवा पंक्चरच्या दुकानातून भरून घेऊ नका. कारखान्याचा कॉम्प्रेसर हवा दाबतो, पण ती श्वासासाठी नसते. तेलाचे कण, आणि इंजिनाचा धूर आत ओढला गेला तर कार्बन मोनॉक्साइड. पृष्ठभागावर चालून जाईल इतका कार्बन मोनॉक्साइड २० मीटरवर जवळपास तिप्पट परिणाम करतो. आणि वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन तर कधीच नाही. सिलिंडर किनाऱ्यावरच्या डायव्हिंग सेंटरमधून श्वासाच्या हवेनं भरूनच आणायचे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, आणि डायव्हिंगच्या नियमांत ३०० मीटरपासून पुढं उंचीवरचं डायव्हिंग धरतात. हवेचा दाब इथं सहा टक्क्यांच्या आसपास कमी. त्यामुळं खणीत १८ मीटर गेलात तर डायव्हिंगच्या खोली-वेळेच्या टेबलाच्या हिशेबानं ते १९च्या वर जातं. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर गोड्या पाण्यावर आणि योग्य उंचीवर लावूनच पाण्यात उतरा. आणि याच उंचीचा संबंध तुमच्या मालवणच्या फेऱ्यांशीही आहे. रविवारी दुपारी शेवटची बुडी मारून, संध्याकाळी फोंडा किंवा करूळ घाट चढून रात्री जेवायला कोल्हापुरात, असं आपली मंडळी सर्रास करतात. बुडीनंतर उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हिंगनंतर विमानानं जाण्याचे जे नियम आहेत, ते २००० फुटांपासून पुढच्या उंचीसाठी सांगितलेले आहेत: एकच बुडी असेल तर १२ तास, अनेक बुड्या किंवा सलग दिवस असतील तर १८ तास. घाटमाथा त्याच्या आसपासच येतो, आंबोली तर ६९० मीटर आहे. रात्र मालवणला काढा, सकाळी निघा. घाट चढताना किंवा घरी पोचल्यावर सांधे दुखू लागले, हातापायांत बधिरपणा आला, तर दमलो असेन म्हणून झोपू नका. थेट डॉक्टरकडं जा आणि डायव्हिंग केलंय हे पहिल्या वाक्यात सांगा.

आता पावसाळ्यातलं काम. अंबाई टँक किंवा दुसरा एखादा जलतरण तलाव, गर्दी नसलेली वेळ, चालकांची परवानगी आणि सोबत प्रशिक्षक. वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिकपर्यंत गेलेला जलतरणपटू याच गावानं दिला. पाण्याची कदर इथं आहे, नीट विचारलंत तर सहसा नाही म्हणत नाहीत. तलावात फ्रॉग किक, मास्क काढून परत घालणं, डोळे मिटून दोरीवरून जाणं आणि जोडीदाराच्या रेग्युलेटरवर येणं, एवढं पक्कं करा. काळ्या कागदानं झाकलेला मास्क घालून दोरीचा सराव केला तर खणीत गाळ उठल्यावर हातपाय आपोआप बरोबर चालतात. गावोगावच्या जीवरक्षक पोरांनाही बोलवा. ती दम रोखून, कमरेला दोर बांधून, काही दिसत नसताना बुडालेल्यांना शोधून काढतात. त्यांना हे शिकायला मिळायलाच हवं, आणि त्यांच्याकडून पाणी वाचायला शिकण्यासारखं तुम्हालाही खूप आहे.

वजनं मात्र नव्यानं ठरवा. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. सामानासकट तुमचं वजन १०० किलो असेल तर समुद्रात लागायची त्यापेक्षा इथं साधारण अडीच किलो शिसं कमी लागतं. मालवणचाच पट्टा घालून उतरलात तर तळावर आपटाल आणि तळावर गाळ आहे. पूर्ण सामान चढवा, बीसीडी रिकामं करा, नेहमीचा श्वास रोखा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू बुडायला हवं. सिलिंडर भरलेला असताना तपासलंत तर त्यावर दोनेक किलो वाढवा, कारण ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधली हवा संपत आली की तो अडीच किलोच्या आसपास हलका होतो आणि वर येताना पाच मीटरवर घ्यायचा सुरक्षेचा थांबा जमत नाही. आकडा वहीत लिहून ठेवा, कुठला सूट घातला होता तेही.